भात निर्दोष, सोबती संशयित

हिस्टामिनची असह्यता जडलेल्या मनुष्याला जेव्हा भात खाल्ल्यावर मस्तक ठणकणे, चेहरा तांबडा होणे, अंगाला खाज सुटणे किंवा पोट बिघडणे अशा व्याधींचा प्रत्यय येतो, तेव्हा पहिली फिर्याद तांदळावरच गुदरली जाते. वस्तुतः नुकत्याच शिजलेल्या साध्या भाताइतका या बाबतीत निरुपद्रवी पदार्थ क्वचितच सापडेल.

ब्रिटिश शास्त्रज्ञ सर हेन्री डेल यांनी 1910 च्या सुमारास ज्याच्या शरीरावरील परिणामांचा अभ्यास केला, ते हिस्टामिन आपल्या देहातही निर्माण होते आणि अन्नातील हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून जिवाणूही ते तयार करतात. अन्नावाटे आलेल्या हिस्टामिनचा बंदोबस्त लहान आतड्यातील डायअमाइन ऑक्सिडेज हे विकर करते; ते अपुरे पडले की त्रास उद्भवतो. ही ॲलर्जी नव्हे. येथे प्रश्न मात्रेचा असतो, म्हणूनच तोच पदार्थ एके दिवशी पचतो आणि दुसऱ्या दिवशी छळतो.

संशय घ्यावा तो भाताच्या सोबत्यांवर: वांगीभातातील वांगे, टोमॅटोभातातील टोमॅटो आणि पालकभातातील पालक यांत इतर भाज्यांच्या मानाने हिस्टामिन अधिक असते. दहीभाताविषयी मात्र सरसकट निवाडा देता येत नाही, कारण विरजणातील जिवाणूंनुसार त्यातले प्रमाण बदलते. या सोबत्यांतला खरा मातब्बर आरोपी बंगडा. त्याच्या मांसात हिस्टिडिन मुबलक असल्याने, तो उन्हात किंवा बर्फावाचून पडून राहिला तर हिस्टामिन इतके साचू शकते की धडधाकट माणसालाही विषबाधा व्हावी. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या मानकांत अशा मासळीसाठी किलोमागे 200 मिलिग्रॅमची मर्यादा त्याकरिताच घातलेली आहे. शिवाय एकदा तयार झालेले हिस्टामिन उकळल्याने नष्ट होत नाही. मुरलेले कालवण दुसऱ्या दिवशी अधिक रुचकर लागते हे कोकणी जिभेचे मत मला सर्वस्वी मान्य आहे; पण या रुग्णांनी त्या सुखावर पाणी सोडलेले बरे.

रोगनिदानासाठी सर्वमान्य अशी रक्ततपासणी उपलब्ध नसल्याने, वैद्यकीय सल्ल्याने संशयित पदार्थ काही आठवडे वर्ज्य करून ते एकेक परत घेऊन पाहणे, हाच मार्ग उरतो. आणि तेवढ्यासाठी आयुष्यभर मऊभात-मीठ खाण्याची शिक्षा स्वतःला फर्मावणे मला अनावश्यक वाटते. मटार, गाजर, फ्लॉवर घातलेला ताजा मसालेभात बहुतेकांनी बेलाशक आजमावून पाहावा. मासळी हवीच असेल, तर ती बर्फावर होती की नाही याची चौकशी कोळणीकडेच करून घ्यावी, घरी आणल्यावर विनाविलंब शिजवावी, आणि कालवण उरले तर लगेच निववून फ्रीझरमध्ये ठेवावे. रात्रभर ओट्यावर राहिलेले पातेले घरातल्या इतरांनीही खाऊ नये.