धरणाचं गुपित आणि गावची दवंडी

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे धावतात. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावरून पुराचा अंदाज बांधायची इथली जुनी रीत. खाली निफाड तालुक्यात सायखेडा-चांदोरीकरांना मात्र मारुती दिसत नाही. त्यांना आकडा लागतो. किती क्युसेक सोडलं, किती वाजता सोडलं? ऑगस्ट २०१९ मध्ये या गावांत पाणी शिरलं, तेव्हा या आकड्याची किंमत काय असते ते सगळ्यांनी पाहिलं.

हा आकडा चारचौघांत सांगायचा असतो. पण धरणाची दुसरीही माहिती असते. आतल्या बांधकामाचे नकाशे, दरवाजे चालवायची यंत्रणा, मोजमापाच्या उपकरणांच्या जागा, दुरुस्तीला आलेले भाग. ती वाईट हातात पडली तर घात होऊ शकतो. म्हणून ती बंद पाकिटातून, आता बंद संगणकातून, सरकारकडे जाते. कुलपात काय ठेवायचं आणि चावडीवर काय सांगायचं, हा प्रश्न धरणाखाली राहणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

सगळ्या धरणांचं दप्तर नाशकात

फार जणांना ठाऊक नसेल, पण राज्याच्या धरणांची तब्येत तपासणारी धरण सुरक्षितता संघटना आपल्या नाशकातच आहे. दिंडोरी रोडवरची 'मेरी' सगळ्यांना माहीत आहे. धरणांची संकल्पचित्रं करणारी संघटनाही याच शहरात. देशात सगळ्यांत जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात, आणि त्यांच्या तपासणीचे कागद येतात ते इथे.

पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा अभियंते धरण पायी फिरतात. भराव खचला आहे का, दरवाजे नीट उघडतात का, पायथ्याच्या चरातून किती पाणी पाझरतं, हे पाहून ठरलेला तक्ता भरतात. धरण मातीचं असलं म्हणजे थोडा पाझर असायचाच. पाणी नितळ आणि प्रमाण नेहमीचं असेल तर फारशी काळजी नाही. पाणी गढूळ झालं किंवा पाझर एकाएकी वाढला, तर भरावाची माती आतून वाहून जात असल्याची ती खूण असू शकते.

पूर्वी हे तक्ते टपालाने जायचे. आता केंद्रीय जल आयोगाची 'धर्मा' नावाची संगणक प्रणाली आहे. ज्याला अधिकार दिला आहे त्यानेच स्वतःच्या परवलीच्या शब्दाने ती उघडायची आणि माहिती भरायची. संगणकावर हल्ला झाल्याचं लक्षात आलं, तर ६ तासांच्या आत केंद्राच्या 'सर्ट-इन' या संस्थेला कळवणं एप्रिल २०२२ च्या आदेशाने सरकारी कार्यालयांनाही बंधनकारक झालं. पण कुलूप कितीही भारी असलं तरी किल्ली उंबऱ्यावर ठेवून चालत नाही. परवलीचा शब्द चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवला, किंवा घाईत नकाशाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला, की सगळी व्यवस्था तिथेच संपली.

कायदा काय सांगतो

धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून देशभर लागू झाला. पंधरा मीटरपेक्षा उंच धरणं त्यात आली, आणि दहा ते पंधरा मीटरची काहीही आली. अशा प्रत्येक धरणाचा आपत्कालीन कृती आराखडा करायचा आहे. जुन्या धरणांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत, म्हणजे डिसेंबर २०२६ अखेरपर्यंत. संकट कोणकोणतं येऊ शकतं, कुठवर नुकसान होईल, इशारा कसा द्यायचा, हे त्यात लिहायचं आहे. रंगीत तालीमही घ्यायची आहे. २०२६-२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर लाखोंची गर्दी असणार आणि वर गंगापूर धरण आहे. तेव्हा हा आराखडा नुसता फायलीत ठेवायचा कागद नव्हे.

माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातही दोन्ही बाजू सांभाळल्या आहेत. देशाच्या सुरक्षेला बाधा येईल अशी माहिती कलम ८ प्रमाणे नाकारता येते. पण लोकांचं हित त्याहून मोठं असेल तर ती देता येते, असंही तेच कलम सांगतं. शिवाय माणसाच्या जिवाशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी, असं कलम ७ मध्ये आहे. म्हणजे 'गोपनीय आहे' एवढं म्हणून प्रत्येक अर्ज परतवता येत नाही.

तिवऱ्याचा धडा

२ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. खालच्या वाडीतली माणसं वाहून गेली. धरण गळतंय अशी तक्रार आपण आधीच केली होती, असं गावकरी सांगत होते. तिथे गुपित फुटल्याने घात झाला नाही. गळतीची गोष्ट तर गावाला ठाऊकच होती. ती ज्याने ऐकून हालचाल करायची, त्याच्यापर्यंत वेळेत नीट पोहोचायला हवी होती.

तेव्हा गावाने एवढं करावं. आपल्या शिवारातल्या धरणाच्या किंवा पाझर तलावाच्या भरावावर भेग दिसली, माती खचली, उंदीर-घुशींची बिळं झाली, पायथ्याशी गढूळ पाणी उमळू लागलं, तर जागा, तारीख आणि वेळ लिहून शाखा अभियंत्याला आणि तहसीलदाराला लेखी द्यावं. पोच घ्यावी. घाईचं असेल तर १०७७ हा जिल्हा आपत्ती कक्षाचा नंबर फिरवावा. फोटो काढलाच तर तो साहेबाला द्यावा, गावभर फिरवू नये. आणि ग्रामसभेत एक प्रश्न जरूर विचारावा: आमच्या वरच्या धरणाच्या आराखड्यात आमचं गाव आहे का, आणि रात्री दोन वाजता आम्हाला कोण उठवणार?

नकाशा कुलपात राहू द्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण पळायची वाट आणि पाणी यायची वेळ शेवटच्या वस्तीवरच्या म्हातारीलाही ठाऊक पाहिजे.