पाठीवर सिलिंडर, मग तोंडाशी नळी कशाला?

आदिलाबादहून समुद्र कोणत्याही दिशेला शेकडो किलोमीटर दूर. आपल्या मुलांची पाण्याशी ओळख पैनगंगेच्या डोहाची, नाहीतर कुंटाला धबधब्याची. तरीही सुटीत मालवण-तारकर्लीला जाऊन ‘स्कूबा’ करण्याची हौस आता आपल्या घरांतही शिरली आहे आणि तिच्यामागोमाग बालरोगतज्ज्ञाकडे प्रमाणपत्र मागण्याची प्रथाही. अशाच एका बारा वर्षांच्या मुलाच्या वडिलांनी मला विचारले, ‘‘डॉक्टरसाहेब, पाठीवर सिलिंडर असताना स्नॉर्केलची नळीही घ्यायची का?’’ प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

त्या सिलिंडरात शुद्ध प्राणवायू नसून दाबून भरलेली साधी हवा असते, हे आधी सांगायला हवे. सुशिक्षितांतही याविषयी गैरसमज आढळतो. 12 लिटरच्या टाकीत 200 बार दाबाने सुमारे 2400 लिटर हवा मावते. मिनिटाला 20 लिटर धरल्यास ती पृष्ठभागावर दोन तास पुरेल. 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट होत असल्याने जेमतेम एक तास. पाणबुड्या साधारण 50 बार शिल्लक ठेवून वर येतो, म्हणजे 600 लिटर. शांतपणे तरंगत राहिल्यास अर्धा तास. परंतु बोट दूर गेली असेल आणि लाटांविरुद्ध पोहावे लागले, तर मिनिटाला 40 लिटरही लागतात आणि तोच साठा पंधरा मिनिटांत संपतो. नळीचे समर्थक नेमके येथेच बोट ठेवतात: वरची हवा फुकट आहे.

विरोधकांचे म्हणणेही खोटे नाही. मुखवट्याच्या पट्ट्याला लटकणारी नळी प्रवाहात मुखवटा ओढते, दोरीत वा जाळ्यात अडकते. हवा भरलेले जाकीट घालून उताणे तरंगता येते. गुहांत किंवा बुडालेल्या जहाजांत शिरणारे तर ती नेतच नाहीत. घडी होणारी नळी खिशात ठेवावी, ही तडजोड मला पटते. मात्र ती प्रशिक्षित पाणबुड्यासाठी. मालवणला प्रशिक्षकाचा हात धरून काही मिनिटे खाली जाणाऱ्या पर्यटकाला तिची गरज नाही.

मुलांच्या बाबतीत हिशेब वेगळा, आणि तो आपल्या शास्त्रातला आहे. 35 किलोच्या मुलाचा एक श्वास सुमारे 245 मिलिलिटरचा. त्यातील 77 मिलिलिटर ‘डेड स्पेस’मध्येच जातात. दोन सेंटिमीटर व्यासाची, 35 सेंटिमीटर लांबीची मोठ्यांची नळी आणखी 110 मिलिलिटरची भर घालते. वायुकोशांपर्यंत 168 ऐवजी 58 मिलिलिटर ताजी हवा! मूल खोल, संथ श्वास घेऊन ही तूट भरून काढते. घाबरलेले मूल मात्र धापा टाकते आणि कार्बन डायऑक्साइड साचू लागतो. म्हणून पोवळ्यांवर नुसते तरंगायचे असले तरी थोरल्या भावाची नळी धाकट्याच्या तोंडी देऊ नये. मुलांसाठीची आखूड, अरुंद नळीच घ्यावी. नळी लांब केली की खोल जाता येते, ही तर घातक समजूत! अर्ध्या मीटरखालीही छातीवरील पाण्याचा दाब श्वास घेणे दुष्कर करतो.

धोका तळाशीच असतो असेही नाही. 24 मे 2022 रोजी स्कूबा आटोपून परतणारी पर्यटकांची बोट तारकर्लीजवळ उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. त्यामुळे नळीच्या आधी मी लाइफ जॅकेटविषयी विचारतो.

त्या मुलाला पूर्वी दम्याचा त्रास होता. मी स्पायरोमेट्री करवून घेतली, कानांचे पडदे पाहिले, नाक दाबून कानांत हवा सोडता येते का ते तपासले. स्पायरोमेट्री समाधानकारक नव्हती. सिलिंडर यंदा नाही, असे वडिलांना स्पष्ट सांगितले. ते थोडे नाराज झाले. मुलाने मात्र लगेच विचारले, ‘‘मग लहान नळी चालेल ना?’’ किनाऱ्याजवळ, जाकीट घालून, वडिलांच्या हाताच्या अंतरावर आणि इनहेलर बोटीत ठेवून चालेल, असे मी कागदावर लिहून दिले.