थुंकीतला डीएनए आणि पाच दिवे

२००१ साली अमेरिकेत टपालाच्या पाकिटांतून अँथ्रॅक्सचे बीजाणू पसरले, पाच माणसं दगावली, आणि टपाल वर्गीकरणाच्या जागी हवेतला धोकादायक डीएनए ओळखणाऱ्या यंत्रणेची गरज तिथल्या टपाल खात्याला भासली. या कामाला जुंपलं गेलेलं सेफाइड कंपनीचं जीनएक्स्पर्ट यंत्र पुढे क्षयाकडे वळलं. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत त्यालाच ‘सीबीनॅट’ म्हणतात. त्याची तारीफ करताना सगळे त्याच्या प्रकाशाबद्दल बोलतात. मला वाटतं, प्रकाश हा त्यातला सोपा भाग आहे. यंत्राची खरी कसोटी लागते ती त्याआधी, बेडक्याशी.

प्रकाशाचा भाग देखणा आहे, यात शंका नाही. संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी १९९६ मध्ये न्यूयॉर्कला ‘मॉलिक्युलर बीकन’ मांडला. डीएनएचा हा आखूड तुकडा केसाच्या पिनेसारखा दुमडलेला असतो. त्याच्या एका टोकाला चकाकणारा रंग आणि दुसऱ्याला ती चकाकी गिळणारा रेणू बसवलेला असतो. जोडीचा डीएनए भेटला की घडी उलगडते, टोकं लांब जातात आणि रंग दिसू लागतो. क्षयाच्या जिवाणूच्या ‘आरपीओबी’ जनुकातला ८१ अक्षरांचा पट्टा असे पाच बीकन आपसांत वाटून घेतात. रिफाम्पिसिन या क्षयावरच्या औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूंपैकी सुमारे ९५ टक्क्यांत बदल याच पट्ट्यात झालेला असतो. एखादं अक्षर बदललेलं असलं की तिथला बीकन नीट चिकटत नाही. बाकीचे रंग चढतात, तो एक मागे रेंगाळतो किंवा पेटतच नाही. औषध लागू पडणार नाही ही बातमी मिळते ती या न पेटलेल्या दिव्यावरून.

पण दिवा पेटण्याआधी डीएनए हाती लागायला हवा. बेडका चिकट, कधी पू-रक्त मिसळलेला. त्यात जिवाणूला मेणचट कवच. तंत्रज्ञ बेडक्यात दुप्पट द्रावण घालून हलवतो, पंधरा मिनिटं ठेवतो आणि कार्ट्रिजमध्ये ओततो. पुढे आतल्या आत जिवाणू गाळणीवर अडतात, धुतले जातात, ध्वनिलहरींनी फुटतात, आणि सुटलेल्या डीएनएच्या प्रती वाढत जातात. दोन तासांच्या आत निकाल येतो. जिवाणू वाढवून पाहणाऱ्या कल्चरला त्यासाठी आठवडे लागतात. यावर शास्त्रज्ञांतून आक्षेप येतो, की प्रती वाढवण्याचा हा खटाटोप हवाच कशाला? सोन्याच्या पातळ थरावर प्रकाश टाकून डीएनए चिकटल्याचं थेट टिपणारे संवेदक प्रयोगशाळांत आहेतच. इथे साधा हिशेब करावा. बेडक्याच्या एका मिलिलिटरमध्ये शंभर जिवाणू असतील, तर त्याच्या शंभराव्या भागाएवढ्या थेंबात सरासरी एकच येणार, आणि कित्येक थेंबांत एकही नाही. थेंबात जे नाहीच, ते कितीही तीक्ष्ण प्रकाश दाखवणार नाही. स्वच्छ द्रावणात मिळालेल्या विक्रमी आकड्यांचं म्हणूनच मला फारसं अप्रूप वाटत नाही.

मुंबईसह पाच ठिकाणच्या १,७३० जणांवरचा २०१० चा अभ्यास हेच सांगतो. ज्यांच्या बेडक्यात सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू दिसत होते, त्यांच्यापैकी ९८.२ टक्के एकाच चाचणीत सापडले. क्षय असूनही ज्यांच्यात दिसत नव्हते, त्यांच्यापैकी ७२.५ टक्के. त्यांचेच तीन नमुने तपासले तेव्हा आकडा ९०.२ वर गेला. यंत्र तेच, दिवे तेच. वाढला तो फक्त तपासलेला बेडका.

वेगळ्या दिशेने येणारे आक्षेप अधिक वजनदार आहेत. मेलेल्या जिवाणूचाही डीएनए चमकतो, म्हणून उपचार लागू पडतोय का हे या यंत्राला विचारून उपयोग नाही. तिथे जुना सूक्ष्मदर्शक आणि कल्चरच लागतं. शिवाय दिवे लावले आहेत तेवढंच दिसतं: आज एस्वातिनी म्हणवणाऱ्या स्वाझीलँडमध्ये २००९ च्या पाहणीतल्या बहुऔषधरोधी नमुन्यांपैकी ३० टक्क्यांत बदल त्या ८१ अक्षरांबाहेर होता, आणि ते सगळे यंत्राच्या नजरेतून निसटणारे होते. दक्षिण आफ्रिकेतल्या मोठ्या चाचणीत तर सूक्ष्मदर्शकाच्या जागी हे यंत्र आणल्याने सहा महिन्यांतले मृत्यू घटल्याचं दिसलंच नाही. मला हे यंत्राचं अपयश वाटत नाही. निकाल लवकर आला तरी रोगी औषधापर्यंत पोचणं हे वेगळंच काम आहे, आणि कुठल्याही कार्ट्रिजमध्ये ते भरता येत नाही. पण यंत्र आलं म्हणजे क्षय हटला, असं सांगणाऱ्यांना ही चाचणी जरूर वाचायला द्यावी.

गोव्यातल्या वेर्ण्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट या वादात वेगळी बाजू घेतं. बंगळुरूच्या बिगटेकने घडवलेल्या या संचाला जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मान्यता दिली. जीनएक्स्पर्टला अखंड वीज आणि तीस अंशांच्या आतली खोली लागते. ट्रूनॅट बॅटरीवर चालतं. त्यात बेडक्यातून डीएनए काढणारी पेटी वेगळी आणि प्रकाश वाचणारी वेगळी. मधल्या टप्प्यात तंत्रज्ञाला सहा मायक्रोलिटर द्रव पिपेटने उचलून चिपवर सोडावा लागतो. हात थरथरला किंवा बुडबुडा शिरला, तर चाचणी वाया जाऊ शकते. पहिल्या चिपवर क्षय निघाला, तर उरलेला तोच डीएनए रिफाम्पिसिनच्या दुसऱ्या चिपला वापरता येतो, रोग्याला पुन्हा बेडका द्यायला लावावं लागत नाही. वातानुकूलित खोली नसलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी, चांगल्या शिकवलेल्या हातांची सोय होत असेल तर, मी हाच सौदा पत्करेन.