दसऱ्यानंतर फुलणारा वाल

कन्नड तालुक्यातल्या आत्याच्या घरी, ती गेल्यानंतर आवराआवर करताना, फडताळातल्या एका डबीत राखेत ठेवलेले वालाचे आठ दाणे सापडले. तपकिरी, पांढऱ्या डोळ्याचे. तिच्या कुंपणावरच्या या वालाची उसळ आम्ही लहानपणी खाल्ली होती. पण वाणाचे नाव कोणालाच सांगता येईना. बी रुजवण्याचा अनुभव शून्य. तरी अक्षय्यतृतीयेला वेलाचे बी लावतात एवढे ऐकून होतो. म्हणून चार दाणे छत्रपती संभाजीनगरच्या गच्चीवर पेरले आणि चार डबीतच ठेवले.

चारांपैकी दोन उगवले. वेल मांडवावर पसरला, पण गणपती आले तरी फुलाचा पत्ता नाही. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. साठवलेल्या पाण्यातून नुसती पाने पोसायची का, असा प्रश्न घरात निघाला. ‘वांझ वेल आहे, उपटून टाका,’ असा सल्लाही मिळाला. आळस म्हणून तो राहिला आणि दसऱ्यानंतर एकाएकी जांभळ्या तुऱ्यांनी भरून गेला. असे का झाले, हे शोधताना जे हाती लागले ते नवशिक्यांच्या उपयोगी पडेल.

वालाचे बहुतेक जुने वाण लहान दिवसाचे असतात. दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असलेला हा संबंध अमेरिकेत गार्नर आणि अॅलार्ड यांनी 1920 मध्ये तंबाखूच्या एका न फुलणाऱ्या वाणावरून दाखवून दिला. झाडाची पाने रात्रीची लांबी ‘मोजतात’. रात्र ठराविक मर्यादेपलीकडे गेली की फुलण्याचा निरोप शेंड्याकडे जातो. संभाजीनगर सुमारे 20 अक्षांशावर आहे. येथे जूनमधला सर्वांत मोठा दिवस तेरा तासांहून थोडा अधिक, तर डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस अकरा तासांच्या आसपास असतो. म्हणजे एप्रिल-मेमध्ये पेरलेला वाल उन्हाळा आणि पावसाळा पाने काढण्यातच घालवतो. तोच जुलैमध्ये पेरला तर जवळजवळ त्याच सुमारास फुलतो आणि कडक उन्हाळ्यातले पाणी वाचते. आधुनिक झुडुपी वाणांतून दिवसाच्या लांबीचे हे बंधन पुष्कळसे काढलेले आहे, म्हणून ते कधीही पेरता येतात. जुन्या वाणाला मात्र त्याचा महिना विचारूनच पेरावे लागते.

दुसरा प्रश्न : धरलेल्या बियांतून तेच वाण पुन्हा मिळेल का? केशर आंब्याची कोय लावली तर केशरच येईल असे नाही. म्हणून आंब्याची कलमे बांधतात. बाजारातल्या संकरित भाजीचे बी धरले तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात. वाल, चवळी, टोमॅटो यांच्यात मात्र बहुतांशी स्वपरागण होते, त्यामुळे देशी वाण दोन-चार झाडांवरही बऱ्यापैकी शुद्ध राहते. नवशिक्याने सुरुवात यांच्यापासूनच करावी.

दुधी, दोडका, भोपळा यांची गोष्ट वेगळी. त्यांची नर आणि मादी फुले निराळी असतात आणि मधमाशी परागकण कुठूनही आणते. बी धरायचे असेल तर उमलण्याच्या बेतात असलेली दोन्ही फुले आधीच दोऱ्याने बांधून ठेवावीत आणि उमलण्याच्या वेळी हाताने परागण करून मादी फूल पुन्हा बांधावे. भोपळ्याचे फूल सकाळी उमलते, दुधीचे संध्याकाळी. येथे एक सावधगिरी हवी. घरच्या बियांचा दुधी किंवा दोडका चवीला कडू लागला तर तो शिजवूनही खाऊ नये आणि रसही पिऊ नये. त्यातली कडू द्रव्ये विषारी असतात. त्या वेलाचे बीही धरू नये.

रुजवण्याची रीत सोपी आहे. जुने बी असेल आणि पुरेसे असेल, तर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून किती मोडतात ते आधी पाहावे. आपल्याकडची काळी माती कुंडीत भेगाळते आणि पाणी धरून ठेवते. तिच्यात वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळावे. दाणा त्याच्या जाडीच्या दुपटीइतकाच खोल जावा. मिरची-वांग्याच्या बियांना ऊब लागते. डिसेंबरच्या थंडीत ती आठवडेच्या आठवडे तशीच पडून राहतात आणि आपण जास्त पाणी घालून ती कुजवतो.

बियांसाठी ठेवलेल्या शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात. हलवल्यावर आत दाणा वाजला की काढाव्यात. साठवणीचा एक ढोबळ नियम आहे : बियांतला ओलावा एक टक्क्याने किंवा साठवणीचे तापमान पाच अंशांनी कमी झाले की बियांचे आयुष्य साधारण दुप्पट होते. म्हणून सावलीत खडखडीत वाळवून, घट्ट झाकणाच्या बरणीत, थंड जागी ठेवावे. डाळवर्गीय बियांत भुंगा आतच असतो. पूर्ण वाळलेले बी बंद बरणीत काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवले की तो मरतो. आत्याची राखही भुंग्यासाठीच होती.

हे काम मोठ्या प्रमाणावर करून दाखवणाऱ्या राहीबाई पोपेरे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातल्या, अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या. घरच्या बियाण्यांपासून सुरू झालेली त्यांची बीज बँक देशभर ओळखली गेली आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या बियाण्याचे जतन, पेरणी आणि देवाणघेवाण हा शेतकऱ्याचा हक्क आहे, हे 2001 च्या पीक वाण संरक्षण कायद्यातही नमूद आहे. पण कायदा वाण जिवंत ठेवत नाही. बी दरवर्षी नाही तरी दर दोन-तीन वर्षांनी मातीत जावेच लागते, आणि ते एकाच घरात असून चालत नाही.

म्हणून नवशिक्याला दोनच गोष्टी सांगाव्याशा वाटतात. सगळे बी एकदम पेरू नका. आणि पहिले बी हाती आले की त्यातली मूठभर तरी दुसऱ्या घरी द्या. डबीतले चार दाणे मी अजून तसेच ठेवले आहेत. माघात वेलावरच्या शेंगा वाळतील. त्यातले निम्मे बी कन्नडला, आत्याच्या शेजारणीकडे जाणार आहे. त्या वालाचे नाव कदाचित तिलाच ठाऊक असेल.