विजेची मोटार कोठें भरावी?

नेसरीकडील ज्या बागाईतदारांनीं विजेची मोटार घेतली असेल, त्यांनीं ती विहिरीवरील पंपाच्या जोडणीवर कदापि भरूं नये. शेतीसाठीं दिलेली वीज अन्य कामीं लावल्यास २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ अन्वयें दुप्पट दरानें आकारणी होते. घरगुती जोडणीस ही अडचण नाहीं. मात्र मंजूर भार पुरेसा असावा, तार जाड असावी व अर्थिंग तपासून घ्यावें. १६ अँपियरच्या सॉकेटांतून ताशीं सुमारें ३ युनिटें जातात. म्हणजे ३० युनिटांची बॅटरी भरण्यास सारी रात्र लागते. वाटेंतील शीघ्र केंद्रावर तेंच काम सुमारें तासाभरांत उरकतें. पण चार-पंचमांश भरल्यावर वेग मंदावतो, तेव्हां तेथें ताटकळूं नये. आंबोलीचा घाट उतरतांना थोडी वीज परत मिळते. परतीच्या चढास मात्र त्याहून अधिक लागते.