आयबुप्रोफेनचा 'निकामी' अर्धा भाग

आयबुप्रोफेनची ४०० मिलिग्रॅमची गोळी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी घेतली असेल. त्यातले थेट काम करणारे असतात फक्त २०० मिलिग्रॅम. मग उरलेल्या अर्ध्याचं काय होतं? औषधी रसायनशास्त्रात संशोधन करायचं असेल तर हा प्रश्न नीट समजून घ्या.

आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, कीटोप्रोफेन, फ्लर्बिप्रोफेन ही सगळी 'प्रोफेन' कुटुंबातली. सांगाडा एकच: एका टोकाला ॲरोमॅटिक वलय, दुसऱ्या टोकाला कार्बोक्सिलिक ॲसिड आणि मधल्या कार्बनवर एक मिथाइल, एक हायड्रोजन. म्हणजे त्या कार्बनला चार वेगवेगळे गट. आलं ना लक्षात? कार्बन कायरल झाला! त्यामुळे रेणूची दोन रूपं होतात, डाव्या-उजव्या हातांसारखी: 'एस' आणि 'आर'.

१९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं की ॲस्पिरिनसारखी औषधं सूज आणणारी प्रोस्टाग्लँडिन्स तयार होणंच रोखतात. ती तयार करणारं एन्झाइम म्हणजे कॉक्स. त्याच्या खोबणीतलं धनभारित आर्जिनिन प्रोफेनचं ॲसिड धरून ठेवतं. पण खोबणी स्वतःच कायरल आहे. उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात नीट बसत नाही, तसंच इथे. 'एस' छान बसतो, 'आर' जवळजवळ नाहीच.

म्हणजे परीक्षानळीत 'आर' निकामी. पण शरीरात गंमत होते. एक एन्झाइम 'आर' रूपाला को-एन्झाइम ए जोडतं. थायोएस्टर झाल्यामुळे शेजारचा हायड्रोजन सहज सुटतो आणि दुसऱ्या बाजूने परत बसू शकतो. मग को-एन्झाइम ए निघून जातं आणि हाती येतो 'एस'! पहिलं एन्झाइम 'एस'ला हातच लावत नाही, म्हणून वाट एकतर्फी. अशा रीतीने 'आर'चा बराच भाग कामाला येतो आणि रेसिमिक मिश्रण विकलं तरी चालतं.

मात्र हा नियम सगळ्या कुटुंबाला लावू नका. नॅप्रोक्सेन शुद्ध 'एस' रूपातच विकलं जातं. आर-फ्लर्बिप्रोफेन माणसात फारसं बदलत नाही. कॉक्सला न दाबणारं म्हणून ते टॅरेनफ्लर्बिल या नावाने अल्झायमरवर तपासलं गेलं, पण २००८ मध्ये तिसऱ्या टप्प्यात अपयशी ठरलं.

तर मंडळी, उद्या तुम्ही कायरल कार्बन असलेला रेणू बनवाल, तेव्हा दोन प्रश्न आधी विचारा. माझ्याकडे कुठलं रूप आहे? आणि शरीरात गेल्यावर ते तसंच राहील का? पहिल्याचं उत्तर साधा एनएमआर देत नाही, कारण त्यात दोन्ही रूपं सारखीच दिसतात. त्यासाठी कायरल कॉलमवर एचपीएलसी करा. दुसऱ्याचं उत्तर फक्त एन्झाइमवरच्या चाचणीतून मिळत नाही. ही दोन उत्तरं हातात नसताना एखाद्या रूपावर 'निकामी' असा शिक्का मारू नका.