टॅब्लेट आला, अभ्यासक्रमाचे काय?

शाळेत एखादे नवे उपकरण आले की दोन मते हमखास ऐकू येतात. एक म्हणते, आता शिक्षणाचा कायापालट होणार. दुसरे म्हणते, हे सारे चार दिवसांचे कौतुक, खडू-फळाच बरा. दोन्ही मते उपकरणाविषयी बोलतात. ते कोणत्या कामासाठी वापरायचे, हे मात्र कोणीच विचारत नाही. आणि हा प्रश्न खरे तर अभ्यासक्रमाचा आहे.

उपकरणांवर भिस्त ठेवण्याची ही परंपरा जुनी आहे. चलच्चित्रांमुळे शाळेतील पुस्तके लवकरच कालबाह्य होतील, असे भाकीत थॉमस एडिसनने १९१३ मध्ये केले होते. भारतात १९७५-७६ मध्ये ‘साइट’ प्रयोगातून उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोचले. १९८४ मध्ये ‘क्लास’ प्रकल्पामुळे काही शाळांत संगणक आले. प्रत्येक प्रयत्नाने काही ना काही दिले. पण धडा वाचायचा, उत्तरे उतरवून घ्यायची आणि परीक्षेत तीच लिहायची, हा वर्गातला मूळ व्यवहार फारसा हलला नाही.

तीन अनुभव

पहिला अनुभव अमेरिकेतील लॉस एंजेलिसचा. तेथील शाळांनी २०१३ मध्ये मुलांना आयपॅड वाटायला सुरुवात केली. त्यांवर बसवायचा अभ्यासक्रम तेव्हा अपुराच होता. मुलांनी थोड्याच दिवसांत यंत्रावरची बंधने काढून टाकली आणि ती आपल्या करमणुकीला लागली. २०१४ मध्ये तो करार थांबवण्यात आला.

दुसरा अनुभव पेरू देशाचा. तेथे ग्रामीण प्राथमिक शाळांतील मुलांना छोटे संगणक देण्यात आले. ३१९ शाळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे पंधरा महिन्यांनंतरही गणितात आणि भाषेत फरक आढळला नाही. यंत्रे पोचली होती, पण त्यांच्या साह्याने काय आणि कसे शिकवायचे याचे मार्गदर्शन फार थोडे होते.

तिसरा अनुभव दिल्लीचा, आणि तो वेगळा आहे. शाळा सुटल्यावर चालणाऱ्या केंद्रांत मुले रोज ४५ मिनिटे संगणकावर आणि ४५ मिनिटे शिक्षकाबरोबर लहान गटात काम करीत. संगणक आधी मुलाची पातळी तपासे आणि त्या पातळीचीच उदाहरणे देई. केंद्रात कोणाला प्रवेश द्यायचा हे सोडत काढून ठरवले होते, त्यामुळे तुलना विश्वासार्ह होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार साडेचार महिन्यांत गणितात चांगली प्रगती झाली. इतर मुलांच्या गुणक्रमात बरोबर मध्यावर, म्हणजे शंभरात पन्नासाव्या जागी असणारा विद्यार्थी या वर्गामुळे साधारण चौसष्टाव्या जागी पोचला, असे म्हणता येईल.

या अभ्यासातील आणखी दोन गोष्टी शिक्षकांनी नीट पाहाव्यात. सहावीतील मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. आणि त्यांची प्रगती स्वतंत्र चाचणीत स्पष्ट दिसली, तरी शाळेच्या गणिताच्या परीक्षेत ती ठळकपणे उमटली नाही. कारण उघड आहे. तिसरीचा भागाकार कच्चा असलेल्या सहावीच्या मुलाला आता चौथीचे गणित येऊ लागले, पण प्रश्नपत्रिका सहावीची होती. मूल पुढे गेले, परीक्षेला ते दिसले नाही.

म्हणजे यंत्र, शिक्षक आणि मुलाची पातळी यांचा मेळ बसला तर मुले शिकतात. पण सर्वांनी एकाच तारखेला एकाच धड्यावर असले पाहिजे, असे अभ्यासक्रम गृहीत धरत असेल, तर ते शिकणे हिशेबातच येत नाही.

मोजण्याचे साधन

आतापर्यंत आपण टॅब्लेटचा विचार ‘शिकवणारे यंत्र’ म्हणून केला. विज्ञानाच्या शिक्षकाने त्याकडे मोजण्याचे उपकरण म्हणूनही पाहावे. त्यात कॅमेरा, ध्वनिग्राहक, घड्याळ आणि बहुतेक वेळा त्वरण मोजणारा संवेदक असतो.

मुक्त पतनाचे उदाहरण घेऊ. हातातून सोडलेला चेंडू एक मीटर खाली यायला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ लागतो. हातातल्या घड्याळाने हे मोजणे कठीण. गॅलिलिओने म्हणूनच चेंडू उतरत्या फळीवरून घरंगळत सोडला आणि वेळ पाण्याच्या धारेने मोजला. आपण पाठ्यपुस्तकात सूत्र देतो, g चे मूल्य ९.८ सांगतो आणि उदाहरणे सोडवून घेतो.

आता भिंतीवर उभी मोजपट्टी लावा, तिच्याजवळून चेंडू सोडा आणि टॅब्लेटने चित्रण करा. सामान्यतः सेकंदाला ३० चित्रे टिपली जातात. एकेक चित्र पुढे सरकवत पाहिले, तर दर तीन चित्रांनी ०.१ सेकंद जातो. चेंडूचे अंतर सुमारे ५, २०, ४४ आणि ७८ सेंटिमीटर भरेल. पहिल्या अंतराच्या तुलनेत हे १, ४, ९, १६ असे वाढते, हे मुलांना स्वतःच्या वहीत दिसेल. अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे मग त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

मोजमाप अर्थातच नेटके येणार नाही. चेंडू नेमका कोणत्या चित्रात सुटला? वेग वाढल्यावर त्याची प्रतिमा पुसट का होते? चेंडू पट्टीपेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ असेल तर अंतर चुकते का? उजेड कमी असेल तर काही यंत्रे चित्रांचा वेग आपोआप कमी करतात, मग हिशेब कसा करायचा? प्रत्येक गटाचे उत्तर थोडे वेगळे येईल. त्या फरकावर चर्चा करणे हेच विज्ञान शिकणे आहे, आणि ती चर्चा घडवून आणायला शिक्षक लागतो. या प्रयोगाला इंटरनेट लागत नाही. सहा मुलांना एक टॅब्लेट पुरतो.

काय वगळायचे?

अडचण पुढे आहे. हा प्रयोग नीट करायला तीन तासिका लागतात. सूत्र सांगून उदाहरणे सोडवायला एक पुरते. वर्षअखेर सर्व प्रकरणे ‘पूर्ण’ करायची असतील, तर समजूतदार शिक्षकही एकाच तासिकेचा मार्ग घेईल. दोष त्याचा नाही. अभ्यासक्रम त्याला दुसरा मार्ग ठेवतच नाही.

यशपाल समितीने १९९३ मध्येच ‘ओझ्याविना शिक्षण’ या अहवालात सांगितले होते की मुलांचे खरे ओझे दप्तराचे नसून न समजण्याचे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही आशय कमी करून गाभ्यापुरता ठेवावा असे म्हटले आहे. पण आशय कमी करणे म्हणजे पानांची काटछाट नव्हे. कोणत्या गोष्टी मुलांनी स्वतः मोजाव्यात, कोणत्या वाचाव्यात आणि कोणत्या शोधून काढता आल्या तरी पुरे, अशी वाटणी करावी लागेल. ग्रहांचे व्यास पाठ करण्यात गेलेला वेळ चेंडूच्या तीन तासिकांना देता येईल. प्रश्नपत्रिकेतही ‘g चे मूल्य लिहा’ याऐवजी मोजमापांचा एक तक्ता देऊन ‘यातील कोणते मोजमाप संशयास्पद आहे आणि का?’ असे विचारता येईल.

आपल्या शाळेत टॅब्लेट घेण्याचा विषय निघाला, तर किंमत विचारण्यापूर्वी शिक्षकांनी बसून तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. यावर मुले असे काय करतील, जे फळ्यावर आणि वहीत होत नाही? त्यासाठी वेळापत्रकातून काय काढणार? आणि त्यातून आलेले शिकणे आपल्या परीक्षेत कोठे दिसेल? उत्तरे मिळाली, तर पाच टॅब्लेटही पुष्कळ झाले. ती मिळाली नाहीत, तर खरेदी पुढे ढकलावी आणि तोवर वर्गाच्या भिंतीवर एक चांगली मोजपट्टी रंगवून घ्यावी. ती पुढे लागणारच आहे.